भिंगाचा हिशेब

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात सभासदांपुढे दिलेले व्याख्यान)



मंडळाने पन्नास वर्षे पूर्ण केली ह्याबद्दल सर्वप्रथम आपणा सर्वांचे अभिनंदन. दिल्लीसारख्या बदल्यांच्या शहरात एखादे कुटुंब पाच वर्षे एका घरात टिकले तरी आपण त्याला जुने म्हणतो. तेथे एका मंडळाने अर्धशतक पाहावे, ही गोष्ट लहान नव्हे.

ह्या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिकेसाठी घरोघरची जुनी छायाचित्रे मिळवावीत, असे कार्यकारिणीने ठरविले. मूळ चित्र हातचे सोडावयास कोणीच तयार होत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून सभासदांनी घरच्या घरी त्यांच्या प्रती काढून पाठवाव्यात, अशी विनंती करण्यात आली. प्रती आल्या, पण काही तिरक्या, काही पुसट, तर काहींत आजोबांच्या फेट्यावर समोरच्या खिडकीचा पांढरा झोत. तेव्हा ह्यामागचे शास्त्र सर्वांना समजेल अशा भाषेत सांगा, अशी आज्ञा आम्हांला झाली. विषय शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातला आहे. शाळेत आपण तो गुणांसाठी शिकलो, आज गरजेसाठी शिकू.

गरज खरी आहे. कागदावरचे चित्र अमर नसते. काळ्या-पांढऱ्या चित्रातील चांदी दमट हवेत हळूहळू विटते, पिवळी पडते. १९७० ते १९९० च्या दरम्यान छापलेल्या रंगीत चित्रांची स्थिती तर त्याहून वाईट आहे. त्यांतील रंगद्रव्ये सारख्या गतीने विरत नाहीत, म्हणून मुंजीतला हिरवा शालू आज तांबूस दिसू लागतो. त्यात दिल्लीचा मे महिना, त्यामागून येणारा पाऊस आणि वर्षभराची धूळ. सातारा, वाई, खामगाव किंवा मालवण येथील घर कधीच विकले गेले. त्या घराचे चित्र मात्र सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमधून नोएडाच्या सदनिकेपर्यंत एकाच पत्र्याच्या ट्रंकेतून आले, आणि त्याची दुसरी प्रत कोठेही नाही. शिवाय चित्रातील माणसे नावानिशी ओळखणारी मंडळी आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत. तेव्हा हे काम पुढच्या पिढीवर सोपविण्यासारखे नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. कॅमेऱ्यात भिंग असते आणि भिंगामागे फिल्म किंवा आजच्या कॅमेऱ्यातील प्रकाशग्राही पटल असते. ह्या व्यवस्थेत आपणांस चारच गोष्टी माहीत असाव्या लागतात. भिंगापासून वस्तूपर्यंतचे अंतर हे वस्तूचे अंतर होय. भिंगापासून स्पष्ट प्रतिमेपर्यंतचे अंतर हे प्रतिमेचे अंतर. अतिदूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगामागे जेवढ्या अंतरावर पडते ते त्या भिंगाचे नाभीय अंतर. भिंगाच्या कड्यावर ५० मिलिमीटर, १०० मिलिमीटर असे कोरलेले असते ते हेच. आणि प्रतिमेच्या उंचीला वस्तूच्या उंचीने भागले की येते ते विशालन. नावात ‘विशाल’ असले तरी कॅमेऱ्यातील विशालन बहुधा एकाहून पुष्कळ लहान असते. सहा फुटी मनुष्य बोटाच्या पेरात मावतो, तोही विशालनाचाच प्रकार.

हे डोळ्यांनी पाहावयाचे असेल तर प्रयोगशाळेत जावयास नको. घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीचा नुसता वाचण्याचा, म्हणजे दुहेरी काच नसलेला चष्मा घ्यावा. त्याचा नंबर अधिक २.५ असेल तर १०० ला २.५ ने भागून नाभीय अंतर ४० सेंटिमीटर येते. रात्री दिवे मालवून जेवणाच्या टेबलावर एक मेणबत्ती ठेवावी आणि समोर पांढरी भिंत किंवा पुठ्ठा असावा. मेणबत्तीपासून १२० सेंटिमीटरवर चष्म्याची एक काच उभी धरली की काचेच्या पलीकडे ६० सेंटिमीटरवर ज्योतीची उलटी आणि निम्म्या उंचीची प्रतिमा उमटते. मेणबत्ती ८० सेंटिमीटरवर आणली की प्रतिमाही ८० सेंटिमीटरवर जाते आणि ज्योतीएवढीच होते. मेणबत्ती ६० वर आणावी, तर प्रतिमा १२० वर आणि दुप्पट मोठी. ती ४० च्या आत आणली की पुठ्ठा कोठेही धरा, त्यावर प्रतिमा उमटत नाही. चाळिशीच्या चष्म्याने जवळचे अक्षर मोठे दिसते ते ह्याच आतल्या प्रदेशात. पण ती प्रतिमा आभासी असते; कागदावर किंवा फिल्मवर ती धरता येत नाही.

ह्या तीनही मांडण्यांत एकच नियम आहे. वस्तूच्या अंतराचा व्यस्तांक आणि प्रतिमेच्या अंतराचा व्यस्तांक यांची बेरीज नाभीय अंतराच्या व्यस्तांकाइतकी असते. एकशेविसावा भाग अधिक साठावा भाग म्हणजे चाळिसावा भाग; आणि ऐंशीवा भाग दोनदा घेतला तरी चाळिसावाच भाग. (पाठ्यपुस्तकात चिन्हांचा संकेत पाळल्यामुळे हेच सूत्र वजाबाकीच्या रूपात येते. आम्ही दोन्ही अंतरे धन मानली आहेत, म्हणून येथे बेरीज.) विशालनाचा नियम त्याहून सोपा आहे. भिंगाच्या मध्यातून जाणारा किरण वळत नाही. म्हणून अलीकडचा त्रिकोण आणि पलीकडचा त्रिकोण समरूप असतात, आणि प्रतिमेच्या अंतराला वस्तूच्या अंतराने भागले की विशालन मिळते. ६० भागिले १२० म्हणजे अर्धे. ज्योतही अर्धीच दिसली होती.

ह्या दोन नियमांतून कामाची तीन सूत्रे निघतात. ती वहीत टिपून ठेवावीत.

विशालन = नाभीय अंतर ÷ (वस्तूचे अंतर − नाभीय अंतर)

प्रतिमेचे अंतर = नाभीय अंतर × (१ + विशालन)

वस्तूचे अंतर = नाभीय अंतर × (१ + १ ÷ विशालन)

दिल्लीकराने पहिले उदाहरण कुतुबमिनाराचे घ्यावे हे ओघानेच आले. मिनाराची उंची सुमारे ७२.५ मीटर आहे. आपल्याजवळ ५० मिलिमीटरचे भिंग आहे आणि फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची आहे. कॅमेरा उभा धरून आपण १२० मीटरवर उभे राहिलो, तर विशालन २३९९ मध्ये एक भाग येते. ७२.५ मीटरला २३९९ ने भागले की प्रतिमा ३० मिलिमीटर उंच. ३६ मिलिमीटरच्या चौकटीत मिनार बसला, वर थोडे आकाशही राहिले. आता प्रतिमेचे अंतर पाहा: ५०.०२ मिलिमीटर. मिनार ऐवजी चंद्र असता तर ते ५० झाले असते; म्हणजे फरक अवघा मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाचा. भिंगाच्या कड्यावर अनंताची खूण का असते आणि दूरच्या सर्वच वस्तू त्या एका खुणेवर स्पष्ट का येतात, ह्याचे उत्तर ह्या आकड्यात आहे. १०० मिलिमीटरचे भिंग लावले तर त्याच जागेवरून प्रतिमा ६० मिलिमीटरची होईल आणि मिनाराचा शेंडा कापला जाईल. त्यासाठी दुप्पट मागे सरावे लागेल. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. हा हिशेब वस्तू आणि फिल्म परस्परांना समांतर असताना तंतोतंत लागू पडतो. पूर्ण मिनार टिपण्यासाठी कॅमेरा वर कलवावा लागतो, आणि मग शेंडा पायथ्यापेक्षा थोडा अधिक लहान उमटून मिनार मागे रेलल्यासारखा दिसतो.

आता वस्तू जवळ आणत जाऊ. भिंग तेच, ५० मिलिमीटरचे.

कुतुबमिनार, १२० मीटरवर : विशालन १/२३९९, प्रतिमेचे अंतर ५०.०२ मिलिमीटर
उभा मनुष्य, ३ मीटरवर : विशालन १/५९, प्रतिमेचे अंतर ५०.८५ मिलिमीटर
अल्बमचे पान, अर्ध्या मीटरवर : विशालन १/९, प्रतिमेचे अंतर ५५.५६ मिलिमीटर
पुठ्ठ्यावरील जुने छायाचित्र, ३० सेंटिमीटरवर : विशालन १/५, प्रतिमेचे अंतर ६० मिलिमीटर
टपालाचे तिकीट, १० सेंटिमीटरवर : विशालन १, प्रतिमेचे अंतर १०० मिलिमीटर

ह्या तक्त्यात साऱ्या विषयाचे मर्म आहे. १२० मीटरवरून ३ मीटरवर येताना भिंगाला एक मिलिमीटरही पुढे सरकावे लागत नाही. पण शेवटच्या ३० सेंटिमीटरच्या प्रवासात, म्हणजे ४० वरून १० सेंटिमीटरवर येताना, त्याला सुमारे ४३ मिलिमीटर सरकावे लागते. जवळचे छायाचित्र अवघड असते ते ह्यामुळे. पुष्कळ घरांत एकेकाळी असलेला ‘आग्फा क्लिक थ्री’ आठवावा. त्याचे भिंग जागचे हलतच नसे. अशा कॅमेऱ्याचे भिंग ७५ मिलिमीटरचे धरले तर ३ मीटरवरील वस्तूसाठी प्रतिमेचे अंतर ७६.९ येते आणि १ मीटरवरील वस्तूसाठी ८१.१. चार मिलिमीटरची ही तूट तो कॅमेरा कोठून भरून काढणार? म्हणूनच अंगणातली माणसे स्वच्छ आणि मांडीवरले बाळ अस्पष्ट, अशी कितीतरी चित्रे आपल्या अल्बमांत आहेत. त्यांत चित्र काढणाऱ्याच्या हाताचा दोष नव्हता.

ज्या कॅमेऱ्यांत भिंग आपणच लांब करू शकतो, त्यांना कामाचा तेवढा लांबपणा द्यावा. पुठ्ठ्यावरील चित्रासाठी तो १० मिलिमीटर, तर तिकिटासाठी ५० मिलिमीटर. भिंग आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसविण्याच्या पोकळ नळ्या मिळतात, त्या ह्याच कामाच्या. भिंग लांब गेले की प्रकाश पातळ होतो, हेही लक्षात असावे. एक अधिक विशालन, ह्या संख्येच्या वर्गाच्या पटीने प्रकाश वाढवावा लागतो. विशालन एक असेल तर चौपट, एक-पंचमांश असेल तर सुमारे दीडपट. भिंगातून आलेला प्रकाश स्वतःच मोजणारे कॅमेरे ही भरपाई आपली आपण करतात. जुन्या कॅमेऱ्यात आणि हाती धरलेल्या प्रकाशमापकावर मात्र ती आपण करावी लागते.

अशा हिशेबावर ज्यांचे आयुष्य घडले, अशा एका मराठी माणसाचा उल्लेख येथे करणे आवश्यक आहे. ज्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून भारत सरकार चित्रपटसृष्टीतील ज्येष्ठांना देत आले आहे, ते दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वर येथे १८७० साली जन्मलेले फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले. त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला, पुरातत्त्व खात्यात काही काळ काम केले आणि पुढे लोणावळ्यास ठसे तयार करण्याचा व छपाईचा कारखाना काढला. ठसेवाल्याचा सारा धंदा विशालनावर चालतो. मूळ चित्र केवढेही असो, ठसा मात्र पानावर राखून ठेवलेल्या जागेइतकाच व्हावयास हवा. ४० सेंटिमीटरचे चित्र १० सेंटिमीटरच्या ठशात आणावयाचे, म्हणजे विशालन एक-चतुर्थांश. भिंग ४० सेंटिमीटरचे असेल, तर चित्र भिंगापुढे २०० सेंटिमीटरवर आणि काच भिंगामागे ५० सेंटिमीटरवर. भात्याचा तो मोठा कॅमेरा रुळांवर मागेपुढे सरकवून हीच दोन अंतरे साधावी लागत.

१९१२ साली फाळके लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परतले. ‘राजा हरिश्चंद्र’ अजून दूर होता, आणि भांडवल देणाऱ्यांना हा उद्योग पटवावयाचा होता. त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि तिच्यापुढे कॅमेरा रोवून महिन्याहून अधिक काळ ठराविक अंतराने चित्रे घेतली. पडद्यावर एका मिनिटाच्या आसपास बीज अंकुरले, रोप झाले. ह्या चित्रपटाचे कौतुक करताना आपण एक बाजू सहसा विसरतो. त्या सर्व दिवसांत कुंडी आणि भिंग यांतील अंतर जराही बदलून चालणार नव्हते. एवढ्या जवळून टिपताना कॅमेरा बोटभर पुढे सरकला असता, तर पडद्यावर वाढले ते रोप की त्याची प्रतिमा, हे कोणास सांगता आले असते? विशालन स्थिर राहिले, म्हणूनच वाढ खरी ठरली. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतच्या कामांत बरोबरीने उभ्या होत्या. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला, त्यामागे ही मोजमापाची शिस्त होती.

त्याच शिस्तीचे दुसरे रूप आपल्या दिल्लीतच पाहावयास मिळते. पुरातत्त्व खात्याच्या उत्खननांच्या छायाचित्रांत, मग ते पुराणा किल्ल्यातील असो वा अन्य कोठले, खड्ड्याच्या कडेला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मोजपट्टी उभी केलेली दिसते. १९४४ ते १९४८ ह्या काळात महासंचालक असलेले मॉर्टिमर व्हीलर ह्या बाबतीत फार काटेकोर होते. पुढे १९७२ ते १९७८ पर्यंत हेच पद आपले म. न. देशपांडे यांनी भूषविले. ती पट्टी शोभेसाठी नसते. भिंग कोणते होते, अंतर किती होते, हे पुढे कोणालाही ठाऊक नसले तरी प्रतिमेतील पट्टीला खऱ्या पट्टीने भागले की विशालन हाती येते, आणि मग भिंतीची उंची, विटेची लांबी, सारे मोजता येते. जनपथावरील राष्ट्रीय अभिलेखागारासारख्या संस्थांत कागदपत्रांच्या सूक्ष्मपटावरही तो कितव्या प्रमाणात लहान केला आहे, ह्याची नोंद ह्याच कारणासाठी असते. सोळावा भाग म्हटले की ४० सेंटिमीटरचा कागद फिल्मवर २५ मिलिमीटरचा झाला, हे वाचकास कळते.

आता ह्या सर्वांचा उपयोग आपल्या ट्रंकेतील चित्रांसाठी कसा करावयाचा, ते क्रमाने सांगतो.

प्रथम चित्र मोजावे. जुन्या स्टुडिओंतील जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेले नेहमीचे चित्र पुठ्ठ्यासह सुमारे १६५ बाय १०८ मिलिमीटरचे असते. ते ३६ मिलिमीटरच्या चौकटीत भोवती थोडी जागा ठेवून ३३ मिलिमीटरचे यावे, म्हणजे विशालन एक-पंचमांश. ५० मिलिमीटरच्या भिंगाने वस्तूचे अंतर ३० सेंटिमीटर. येथे एक सूचना द्यावयास हवी. कॅमेऱ्याचे भिंग म्हणजे एक काच नसून अनेक काचांचा संच असतो, आणि आजची कित्येक भिंगे जवळची वस्तू टिपताना आपले नाभीय अंतरही थोडे बदलतात. शिवाय कड्यावर कोरलेले अंतर भिंगापासून नव्हे, तर फिल्मच्या पातळीपासून मोजलेले असते. म्हणून फूटपट्टीने आलेले उत्तर हे सुरुवातीचे स्थान समजावे आणि शेवटचा निर्णय चौकटीत पाहून घ्यावा. ह्यावर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे पुरातत्त्वज्ञांचा: चित्राच्या कडेला, त्याच पातळीत, सेंटिमीटरची पट्टी ठेवावी.

दुसरी गोष्ट समांतरतेची. कॅमेरा थोडा कलला आणि चित्राची एक कड २८ सेंटिमीटरवर व दुसरी ३२ सेंटिमीटरवर राहिली, तर एका कडेचे विशालन १/४.६ आणि दुसरीचे १/५.४ होते. म्हणजे एक कड दुसरीपेक्षा सुमारे सतरा टक्के मोठी. चौकोनी चित्र पाटीच्या सुपासारखे दिसते, आणि एका टोकाचे काका दुसऱ्या टोकाच्या काकांहून धिप्पाड होतात. ह्यावर एक जुनी युक्ती आहे. चित्रावर मधोमध एक लहान सपाट आरसा ठेवून कॅमेऱ्यातून पाहावे. भिंगाचे स्वतःचे प्रतिबिंब बरोबर मध्यावर दिसले की कॅमेरा समांतर झाला. मग आरसा अलगद काढून घ्यावा.

तिसरी गोष्ट प्रकाशाची. दोन सारखे दिवे दोन बाजूंनी, चित्राशी ४५ अंशांचा कोन करून ठेवावेत, म्हणजे झोत भिंगात न येता बाजूस जातो. दिवे नसतील तर उत्तरेकडील खिडकीचा किंवा व्हरांड्यातील उजेड पुरे; थेट ऊन मात्र नको. जवळून टिपताना स्पष्टतेची खोली फार थोडी असते आणि जुना कागद कडांना वळलेला असतो. म्हणून भिंगाचे छिद्र ८ किंवा ११ क्रमांकापर्यंत लहान करावे आणि कॅमेरा तिपाईवर किंवा पुस्तकांच्या थप्पीवर पक्का बसवावा. अल्बमला चिकटलेले चित्र ओढून काढू नये, पानासहच टिपावे.

आपल्यापैकी बहुतेकांजवळ आज कॅमेरा म्हणजे खिशातला फोनच असतो. त्यालाही नियम तेच. त्याच्या भिंगाचे नाभीय अंतर समजा ६ मिलिमीटर आणि पटलाची लांबी ८ मिलिमीटर. आपले १६५ मिलिमीटरचे चित्र त्यावर ७.५ मिलिमीटरचे यावे, तर विशालन १/२२ आणि वस्तूचे अंतर १३८ मिलिमीटर, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. एवढ्या जवळ फोनची आणि आपल्या हाताची सावली चित्रावर पडणारच, आणि जरासा कलसुद्धा मोठा तिरपेपणा आणणार. फोनमध्ये दुप्पट नाभीय अंतराचे दुसरे भिंग असेल तर ते निवडून दूर सरावे. नसेल तर थोडे दूर धरून भोवतीचा भाग नंतर कापावा.

ह्याच कारणाने फोन अगदी तोंडाशी धरून काढलेल्या चित्रात नाक मोठे दिसते. नाकाचा शेंडा ३० सेंटिमीटरवर आणि कान ४२ सेंटिमीटरवर असतील, तर नाकाचे विशालन कानाच्या सुमारे १.४ पट होते. दीड मीटर दूर गेले की हेच प्रमाण १.०८ वर येते. पुण्याच्या आजींना नातवाचा चेहरा त्याच्या खऱ्या रूपात दाखवावयाचा असेल, तर फोन हातभर दूर ठेवावा, एवढे ह्यावरून शिकावे.

आता विशालनाचा सर्वांत मोलाचा उपयोग सांगतो. गावच्या वाड्यापुढे काढलेल्या तीस माणसांच्या एकत्र चित्रात एका चेहऱ्याची उंची सहा मिलिमीटर असते. ज्या पटलावर ३६ मिलिमीटरमध्ये ६००० बिंदू आहेत, त्यावर एक-पंचमांश विशालनाने त्या चेहऱ्याला सुमारे २०० बिंदू मिळतात. चेहरा ओळखू येतो, पण मोठा करून भिंतीवर लावता येत नाही. तेव्हा तेथेच थांबू नये. सबंध चित्राची प्रत झाली की भिंग लांब करून, विशालन एकावर आणून, त्या चित्राचा एकेक भाग स्वतंत्रपणे टिपावा. आता त्याच चेहऱ्याला १००० बिंदू मिळतील. पणजीचे दुसरे चित्र कधी काढलेच गेले नसेल, तर त्या सहा मिलिमीटरांतच तिचा चेहरा शिल्लक आहे. मूळ कागदावर जेवढे टिकून आहे तेवढेच आपणांस मिळेल, त्याहून अधिक कोणतेही भिंग देऊ शकत नाही. पण जेवढे आहे तेवढे आज पूर्णपणे उतरवून घेणे आपल्या हाती आहे. दहा वर्षांनी तेवढेही नसेल.

प्रत घेतल्यावर चित्राची मागची बाजूही टिपावी. तेथे स्टुडिओचा शिक्का, एखादी तारीख, कधी मोडीतील एखादी ओळ असते. अठराव्या शतकात ह्याच दिल्लीत पेशव्यांचे वकील म्हणून राहिलेल्या हिंगणे घराण्याची पत्रे आज अभ्यासकांना वाचावयास मिळतात, ती कोणी तरी जपली आणि वाचून उतरवून घेतली म्हणून. आपल्या घरचे कागद तेवढ्या योग्यतेचे नसतील, पण आपल्या घरापुरते त्यांचे मोल तेवढेच आहे. प्रत्येक प्रतीबरोबर चित्रातील माणसांची नावे डावीकडून उजवीकडे, गाव, प्रसंग, अंदाजे साल आणि मूळ चित्राचे माप लिहून ठेवावे. नावे सांगणारी माणसे आपल्यात आहेत तोवर त्यांच्या शेजारी बसून लिहावे.

मंडळापुढे आमची एक सूचना आहे. महिन्यातील एका रविवारी मंडळाच्या सभागृहात एक तिपाई, दोन दिवे, एक आरसा आणि एक पट्टी मांडून ठेवावी. सभासदांनी आपापली चित्रे स्वतः आणावीत, डोळ्यांदेखत प्रत घ्यावी आणि मूळ चित्र घेऊन परतावे. अंतरांचा हिशेब दहावीतील मुलामुलींनी करावा आणि नावे आजीआजोबांनी सांगावीत. मुलांना भिंगाचे सूत्र पाठ करण्याची वेळ येणार नाही, आणि ज्या गावाला ती कधी गेलेली नाहीत त्या गावची माणसे त्यांच्या ओळखीची होतील.